काठ दिसू देत, सुरकुत्या नकोत

नात्यागोत्यात एखादा माणूस नाडी बघतो, एखाद्याला कोयना एक्स्प्रेसची वेळ स्टेशनागणिक पाठ असते आणि एखाद्याला ‘कंप्युटरमधलं कळतं’. आमच्याकडचं हे तिसरं पद माझ्या गळ्यात पडलं आहे. त्यासाठी मी अर्ज केला नव्हता. एका मुंजीच्या फोटोंमध्ये बटूच्या डोळ्यांत फ्लॅशमुळे आलेले लाल ठिपके मी काळे करून दिले, एवढंच निमित्त. तेव्हापासून घराण्यातल्या कुणालाही फोटो कागदावर छापून हवा झाला, की तो आधी माझ्या मोबाइलवर येऊन आदळतो. खाली आज्ञा असते : “जरा मोठा कर आणि जरा स्पष्ट कर.”

हा फोटो मूळचा कधीही नसतो. कुणीतरी तो लग्नात काढलेला असतो, मग फॅमिली ग्रुपवर टाकलेला असतो, तिथून तो माहेरच्या ग्रुपवर जातो, पुढे कुणाच्या तरी स्टेटसला लागतो आणि त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट माझ्याकडे येतो. त्यात वर पहाटेचे पाच चाळीस वाजलेले असतात, बॅटरी अठरा टक्के असते, मधोमध गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ असतं. गुलाब काढायचा, सकाळ पुसायची, त्यांच्यामागे जी कोणी मावशी उभी असेल ती ओढून बाहेर काढायची आणि तिला बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये बसवायचं, एवढंच काम.

“मूळ फोटो नाही का?” मी विचारतो.

“हाच मूळ. थेट ग्रुपवरून घेतलाय.”

आता थोडं गणित करू, कारण ते केल्याशिवाय माझं दुःख कुणाला कळायचं नाही. हातात धरून बघायचा फोटो कागदावर नीट दिसायला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात. हा आकडा कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. फूटभर अंतरावरून चांगल्या डोळ्यांना इंचात जवळपास तेवढेच ठिपके वेगवेगळे ओळखता येतात, त्यापुढे सगळं एकजीव दिसतं. म्हणजे बारा बाय अठराच्या फ्रेमला ३६०० गुणिले ५४००, एकूण १ कोटी ९४ लाखांवर ठिपके झाले. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने, एचडीचं बटण न दाबता पाठवलेला फोटो लांबीकडून १६०० ठिपक्यांच्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे सगळे मिळून १९ लाख. दहा हिश्शांतला एक हिस्सा पाहुणे घेऊन येतात, उरलेले नऊ मी घरून घालायचे. पानं वाढली की आमटीत पाणी वाढवतात, त्याला माझी ना नाही. पण वाटीभर आमटीत हंडाभर पाणी ओतायला सांगून वर “चव मात्र तीच राहू दे हं” म्हणायचं, हे कुठल्या घरात बसतं?

हे सगळं मी प्रत्येकाला समजावून सांगतो. प्रत्येक जण ते शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “पण मोबाइलवर तर छान दिसतोय!”

“मोबाइल सहा इंचांचा आहे. आणि मागून उजेड आहे.”

“मग मोबाइलवर दिसतो तस्साच छाप ना.”

यावर उत्तर नाही. असलं तरी मला सुचलेलं नाही.

माझा मेव्हणा या बाबतीत जास्त जाणकार आहे. तो थेट मेगापिक्सेलवरच येतो. “दाजी, माझा फोन एकशे आठ मेगापिक्सेलचा आहे. याच्यातून भिंतीएवढा फोटो निघेल.” मी त्याला सांगतो, की असा फोन एरवी नऊ-नऊ ठिपक्यांची मोट बांधून त्यांचा एक करतो आणि हातात बारा मेगापिक्सेल ठेवतो. एकशे आठ हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी एकदाच पाहिली आहे : त्याच्या नव्या फ्लॅटचा सुपर बिल्टअप आणि कार्पेट एरिया मी वेगवेगळा मोजून दाखवला होता तेव्हा.

खरं म्हणजे या छळाची सुरुवात फार जुनी आहे. संगणकात गेलेला जगातला पहिला फोटो अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ साली स्कॅन केला. तो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. आकार १७६ गुणिले १७६ ठिपके, बस्स. म्हणजे पिक्सेल जन्माला आला तो घरच्या बाळाच्या फोटोसाठीच. एवढ्या मोठ्या शोधाकडे बघून त्या बाळाच्या आजीने “इतकासाच का काढलास? जरा मोठा कर की” असं म्हटलं असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि आपल्याकडे उरलीसुरली कसर ‘सीआयडी’ मालिकेने भरून काढली. १९९८पासून वीस वर्षं घराघरांत हेच दिसलं, की एक धूसर फुटेज असतं, कुणीतरी दोन बटणं दाबतं आणि पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर लख्ख दिसायला लागतो. जे पाच ठिपक्यांत मावलं होतं, त्यातून नंबर, आरटीओ आणि मालकाचा पत्ता निघायचा. त्या मालिकेवर वाढलेल्या माणसाला मी “यात एवढंच आहे, याहून जास्त नाही” असं सांगतो, तेव्हा त्याला माझ्या सॉफ्टवेअरबद्दल नाही, माझ्या शिक्षणाबद्दल शंका येते.

अशा सगळ्या वातावरणात आमच्या आत्याची पंच्याहत्तरी आली.

कार्यक्रम सांगलीला होता. हॉल ठरला, जेवण ठरलं, वाती ठरल्या. फोटोचं कुणी बोललंच नाही, कारण ते काम ‘आपल्या’ माणसाकडे आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आत्या आणि नाना या दोघांचा एकत्र, दोघांचेही डोळे उघडे असलेला, दोघांपैकी कुणाच्याही तोंडात घास नसलेला फोटो शोधायला घेतला आणि संबंध घराण्यात तो एकच निघाला. एका लग्नात जेवणं झाल्यावर काढलेला ग्रुप फोटो. चाळीसेक माणसं, मागे मंगल कार्यालयाची पाटी आणि दुसऱ्या रांगेत आत्या-नाना. त्या लग्नाच्या फोटोग्राफरला गाठलं तर त्याची हार्ड डिस्क उडाली होती. न्यू जर्सीतल्या आतेभावाने मात्र धीर दिला. “काळजी करू नकोस, माझ्याकडे आहे, रात्री पाठवतो,” म्हणाला आणि रात्री त्याने तोच ग्रुपवरचा फोटो परत ग्रुपवर टाकला. माझ्यासाठी एक अंगठाही टाकला.

त्या फोटोत आत्याचा चेहरा या गालापासून त्या गालापर्यंत जेमतेम ऐंशी ठिपक्यांचा होता. शिवाय तिच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. आजूबाजूची माणसं कापून टाकल्यावर हात तेवढा राहिला, त्याला मालक उरला नाही. हात कुणाचा यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. मनगटावरच्या घड्याळावरून तो मिरजेच्या काकांचा असल्याचं निष्पन्न झालं. मी तो पुसणार म्हटल्यावर काकांचा फोन आला. “पुसतोयस तर पूस. आमची किंमत तेवढीच.” त्यामुळे तो हात फ्रेमच्या कडेला चार बोटांपुरता ठेवण्यात आला आहे. जाणकार पाहुणे तो पाहून अजूनही प्रश्न विचारतात.

मोठं करण्याचे दोन मार्ग असतात. जुना मार्ग असा, की दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्ये नवे ठिपके घालायचे आणि त्यांचा रंग आजूबाजूच्यांना विचारून ठरवायचा. सगळे सभ्यपणे एकमेकांत मिसळतात आणि फोटो धुक्यात उभा राहिल्याचा भास होतो. नवा मार्ग एआयचा. तो कुणाला काही विचारत नाही. हजारो चेहरे पाहून त्याची मतं ठरलेली असतात आणि जिथे काही दिसत नाही तिथे काय असायला हवं ते तो स्वतः भरतो. मी मोठ्या आशेने आत्या-नानांना एआयच्या हवाली केलं. नानांनी फोटोच्या वेळी कवळी काढून खिशात ठेवली होती. एआयने त्यांना दात दिले. पांढरेशुभ्र, एकसारखे, आणि माणसाला लागतात त्याहून थोडे जास्तच. आत्याच्या नथीची सेफ्टी पिन झाली. मागच्या पाटीवरचं देवनागरी त्याला झेपलं नाही, तिथे त्याने स्वतःची एक लिपी काढली. मोहेंजोदडोला सापडती तर विद्यापीठांना दोन पिढ्यांचं काम मिळालं असतं.

मी ते आतेबहिणीला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “दादा, हे नाना नाहीत. नानांच्या ओळखीतले कुणीतरी वाटतात.”

नानांना मात्र दात आवडले. “राहू दे की,” म्हणाले, “कुणाला काय कळतंय?” पण घरात नानांचं चालत नाही, त्यामुळे मी जुन्या मार्गाला लागलो.

मोठं करणं एक वेळ सोसतं. खरी दुर्दशा पुढे, फोटोला धार लावताना. ‘धार लावणे’ हे काम सॉफ्टवेअर कसं करतं हे कळलं तर माणसाचा यंत्रावरचा विश्वास उडेल. ते आधी त्या फोटोची एक पुसट नक्कल बनवतं. मग अस्सल आणि नक्कल यांच्यात फरक कुठे पडला ते पाहतं. फरक अर्थातच कडांवर पडलेला असतो. मग तो फरक अस्सलमध्ये वाढवून घालतं. म्हणजे काळ्याच्या कडेला आणखी काळं, पांढऱ्याच्या कडेला आणखी पांढरं. फोटोत नवीन काही येत नाही, पण डोळा फसतो आणि “वा, काय स्पष्ट!” म्हणतो. ही युक्ती संगणकवाल्यांची नाही. डार्करूममधले जुने लोक निगेटिव्हची एक फिकी, पुसट प्रत काढून ती मूळ निगेटिव्हला चिकटवत आणि मग प्रिंट काढत. स्पष्टपणा आणण्यासाठी आधी धूसर व्हायचं, ही गोष्ट राजकारण्यांना सुचायच्या आधी फोटोग्राफरांना सुचली होती.

यात तीन पट्ट्या सरकवाव्या लागतात. पहिली, किती चढवायचं. दुसरी, कडेपासून किती ठिपक्यांपर्यंत. तिसरी, किती बारीकसारीक फरकाकडे काणाडोळा करायचा. शहाण्या माणसाने फोटो छपाईच्या मापाचा करून घ्यावा, धार अगदी शेवटी लावावी, दुसऱ्या पट्टीवर एक-दोनच्या पुढे जाऊ नये आणि झोपावं. पण मी पडद्यावर चारशे टक्के मोठं करून बसतो. तिथे ठिपका न् ठिपका विटेएवढा दिसतो आणि प्रत्येक विटेबद्दल माझं काहीतरी म्हणणं असतं. रात्री पाणी प्यायला उठलेली बायको मागे येऊन उभी राहिली.

“अहो, एक वाजलाय. नानांच्या नाकपुडीत काय शोधताय?”

“डीटेल.”

“सापडलं तर सांगा. सकाळी आत्यांना फोन करते.”

पट्टी जास्त सरकली की कडेभोवती पांढरी रेघ उमटते. नानांना टक्कल आहे आणि मागे गडद पडदा होता. त्यामुळे त्यांच्या टाळूभोवती इकडच्या कानापासून तिकडच्या कानापर्यंत एक शुभ्र वलय आलं. मी ते घालवायच्या आत नमुना म्हणून पाठवलेला फोटो आत्यापर्यंत पोचला होता. तिचा फोन आला. “अरे, यांच्या डोक्यामागे तेज आलंय बघ. तू काही करू नकोस, ते राहू दे.” मी म्हटलं, आत्या, ती चूक आहे, जास्त धार लागली की तसं होतं. आत्या म्हणाली, “पन्नास वर्षं संसार केला, मला कधी दिसलं नव्हतं. तुझ्या मशीनला दिसलं म्हणजे असेल.” नाना त्या दिवसापासून सकाळी थोडं जास्त वेळ पूजा करू लागले असं ऐकतो.

आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पंच्याहत्तरी झाल्यावर ऑपरेशन करायचं ठरलेलं होतं. त्यामुळे तिची पसंती मिळायला वेळ लागला नाही. अडचण तिच्या मुलींची होती. थोरली आणि धाकटी यांनी आळीपाळीने फोन सुरू केले.

थोरली म्हणाली, “पैठणीचे काठ स्पष्ट कर. मोर दिसले पाहिजेत.”

“ताई, मोर नाहीयेत फोटोत. मोराच्या जागी सहा ठिपके आहेत.”

“नाहीत कसे? मी स्वतः येवल्याहून आणलीय ती साडी. नारळी काठ, पदरावर मोर. तू फोटो बघितलास का नीट?”

धाकटीचं म्हणणं उलट. “दादा, फार शार्प नको हं. आईच्या गालावर सुरकुत्या दिसतायत.”

“त्या सुरकुत्या नाहीत. जेपीईजी फोटोचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून तो साठवतं. धार लावली की चौकोनांच्या कडा वर येतात.”

“असू देत. काढ त्या.”

मी दोघींना एकत्र घेऊन विचारलं, की नक्की काय हवंय. दोघींचं तत्काळ एकमत झालं. साडी स्पष्ट हवी, दागिने स्पष्ट हवेत, घड्याळ चाललं तर वेळ दिसू दे, पण चेहरा मऊ ठेव. तसं करता येतं. साडीवर धार चढवायची, चेहरा झाकून ठेवायचा. मी तसं केलं. फोटोत साडी चालू वर्षातली झाली आणि आत्या १९८५मधली. मोरांचं मात्र नाही जमलं. पदरावर सहा ठिपके तेवढे आधीपेक्षा जास्त ठाम दिसू लागले. थोरली म्हणाली, “बघ, होते ना मोर!”

दरम्यान भाचा आला. त्याला बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. तिथे फोटो २०० गुणिले २३० ठिपके, वजन २० ते ५० केबीच्या मधलं, आणि सही १० ते २० केबी. त्याचा फोटो ५४ केबी भरत होता आणि पोर्टल त्याला दारातून परत पाठवत होतं. आत्याला दहापट फुगवत होतो त्याच खुर्चीत बसून भाच्याला चार केबीनं वाळवला. सही मात्र आधीच एवढी बारीक होती, की ती दहा केबीच भरेना. “मामा, मोठी करून देतोस का जरा?” म्हणाला. हे घराण्यातच आहे.

फाइल घेऊन मी फोटो लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोराने ती उघडली आणि मान हलवली. “काका, बहात्तर डीपीआयची आहे. फुटेल. तीनशेची करून आणा.”

आता ही फाइल ३६०० गुणिले ५४०० ठिपक्यांची होती. बहात्तर हा आकडा तिच्या कपाळावर चिकटलेली नुसती चिठ्ठी होती. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, कारण छापखान्यातले पॉइंटही इंचाला तेवढेच धरतात, आणि तेव्हापासून ती चिठ्ठी विनाकारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हे मी त्याला सांगायला सुरुवात केली. मागे पासपोर्ट फोटोसाठी चार माणसं उभी होती. त्यांनी घसे खाकरले. मी बाहेरच्या स्टुलावर बसलो, लॅपटॉप उघडला, ७२ खोडून ३०० लिहिलं, एकही ठिपका न हलवता पेन ड्राइव्ह परत दिला.

पोराने फाइल उघडली. चेहरा उजळला. “हां! आता बघा. लगेच फरक कळतो की नाही?”

“कळतो,” मी म्हणालो.

“लोकांना सांगून पटत नाही, काका.”

कागद कोणता, यावरही विचार करावा लागतो. इंकजेटच्या मॅट कागदावर शाई किंचित पसरते, म्हणून त्याच्यासाठी धार थोडी जास्तच चढवावी लागते. पडद्यावर जरा अति वाटलं तर कागदावर बरोबर येतं. ग्लॉसीला तेवढी लागत नाही. मी मॅटच्या हिशेबाने सगळं बेतून नेलं होतं. पोराने मॅट संपल्याचं सांगून ग्लॉसीवर छापलं, त्याच्या मशीनने स्वतःहून आणखी थोडी धार लावली, आणि प्रिंट पडद्यापेक्षा दोन छटा काळा आला. काळा येणारच होता. आपण पडद्याचा उजेड दुपारच्या उन्हाएवढा ठेवतो, कागदाला मागून दिवा नसतो. नानांचं तेज मात्र ग्लॉसीवर फारच खुललं.

मग आला तो परतभेटीचा ग्रुप फोटो. प्रत्येक पाहुण्याला एक फ्रेम द्यायची होती आणि फ्रेमवाल्याकडे स्वस्तात तयार असलेल्या फ्रेमा आठ बाय दहाच्या होत्या. मूळ फोटो छापला तर आठ बाय बारा येत होता. म्हणजे दोन इंच जास्त. या दोन इंचांनी आमच्या घराण्यात जे घडवलं ते जमिनीच्या वाटण्यांनी घडवलं नव्हतं. कॅमेरा दोनास तीनच्या मापाने फोटो काढतो, मोबाइल तिनास चारने, फ्रेमवाला चारास पाचने, आणि या तिघांची भेट कधी झालेलीच नाही. त्यांच्यातला तंटा शेवटी कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर मिटवला जातो.

मिरजेच्या काकांनी सुचवलं, “कापता कशाला? थोडा दाबून बसव.”

मी दाबला. बाराचे दहा केले. सगळं घराणं सहाव्या हिश्शाने बारीक झालं. वहिनींनी फोटो पाहिला आणि “हाच ठेवा” म्हणाल्या. पुरुष मंडळी बोलली नाहीत, पण सगळ्यांची नजर आपापल्या पोटावर स्थिरावली होती आणि तिथे समाधान होतं. एकट्या आत्याने खोडा घातला. “माझं तोंड लांबलंय,” म्हणाली. मोतीबिंदूतूनही तिला ते दिसलं. उत्सवमूर्तीचं तोंड लांबवून चालणार नव्हतं, म्हणून कापायचं ठरलं.

डाव्या टोकाला थोरलीचे सासरे होते. उजव्या टोकाला मी होतो. बैठकीत काही क्षण शांतता पसरली. मग आत्या मोठ्या मायेने म्हणाली, “तू काय, घरचाच आहेस.” त्या रात्री मी मला स्वतःच्या हाताने कापलं. कोपर राहिलं होतं, तेही नंतर शेजारच्या पडद्याचा तुकडा चिकटवून झाकलं. सगळ्यांनी काम सफाईदार झाल्याचं सांगितलं.

स्टेजमागे लावायचा फ्लेक्स उरला होता. आठ बाय बारा फूट. फ्लेक्सवाल्याकडे त्या वेळी एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचं काम चालू होतं. गाडीत बसून काढलेली सेल्फी वीस फुटांवर चढवलेली होती आणि खाली शुभेच्छुकांची डोकी ओळीने लावणं चाललं होतं. प्रत्येक डोकं वेगवेगळ्या उजेडातलं, काही लग्नातली, एक तर सरळ आधार कार्डावरचं. मी आमच्या फोटोतले ठिपके, अंतर, रिझोल्यूशन असं काहीसं बोलायला लागलो. त्याने मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

“दादा, लांबून कोण बघतंय?”

आणि गंमत म्हणजे तो अगदी बरोबर होता. अंतर वाढतं तसे डोळ्याला ठिपके कमी लागतात. फूटभरावरून तीनशे लागत असतील तर तीस फुटांवरून इंचाला दहा पुरतात. मी महिनाभर जे करत होतो त्याची फ्लेक्सला गरजच नव्हती. मी आणलेली धार लावलेली फाइल त्याने बाजूला ठेवली, ग्रुपवरचाच फोटो घेतला, माऊसने कोपरा धरून ताणला, चेहरे पिवळसर होते ते गुलाबी केले, मागे उगवता सूर्य टाकला, आणि चहा यायच्या आत आत्या-नाना बारा फुटांचे झाले. हॉलच्या शेवटच्या रांगेतून ते इतके देखणे दिसत होते, की आतेभावाने न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर पाहून मला एक अंगठा पाठवला.

पण सत्कार असतो स्टेजवर. एकेक पाहुणा वर आला, शाल घातली, फोटोसाठी वळला आणि फ्लेक्सपासून वीतभर अंतरावर उभा राहिला. नाना तर कार्यक्रमभर फ्लेक्सला पाठ टेकून बसले होते. मध्येच मागे वळून त्यांनी स्वतःच्या गालाचं निरीक्षण केलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, “अरे, माझ्या तोंडावर फरशी बसवलीय का?”

फ्रेम मात्र दिवाणखान्यात लागली. फ्रेमवाल्याने चारी बाजूंनी पाव-पाव इंच लाकडाखाली घेतलं, वर साधी काच घातली आणि ती दाराच्या चौकटीवर आठ फूट उंचीवर, ट्यूबलाइटच्या बरोबर समोर टांगली. खालून बघितलं की काचेत ट्यूब दिसते. थोडं डावीकडे सरकलं की पंखा दिसतो. स्टुलावर चढलं तर आत्या-नाना दिसतात. मी महिनाभर मॅट आणि ग्लॉसीचा, एक ठिपक्याचा आणि दीड ठिपक्याचा जो काथ्याकूट केला होता, तो आता त्या ट्यूबच्या उजेडात सुखाने नांदतो आहे.

दिवाळीनंतर आत्याची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. जुनी धूसर झालेली भिंगं गेली, नवी आली. मोतीबिंदूची पिवळट झाक जाते, त्यामुळे ऑपरेशननंतर निळे रंग एकदम उठून दिसतात. आत्याने घरभर फिरून सगळे रंग तपासले. मग तिने नाना नको म्हणत असताना स्टूल मागवलं, माझा हात धरून वर चढली आणि फ्रेमकडे टक लावून पाहिलं.

“हे रे काय? सगळं पुसट आहे. मोर कुठायत?”

“मी तेव्हाच म्हणालो होतो, आत्या.”

“आणि हा हात कुणाचा?”

“मिरजेच्या काकांचा.”

“यांच्या डोक्याला ती चुन्याची रेघ कसली मारलीस?”

नाना पेपर पुढे धरून बसले. आता हे सगळं परत करायचं, या विचाराने मी आतून खचलो होतो. आत्या खाली उतरली, तोंड धुवायला आत गेली आणि बेसिनवरच्या आरशासमोर बराच वेळ काही बोलली नाही. मग तिथूनच हाक आली.

“अरे, तो फोटो आहे तसा राहू दे. या आरशाचं काही करता येतं का बघ.”